दोन वायरी लावल्या म्हणून फेन्सिंग बंद करू नका

परवा रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. "मामा, ग्रुपवर एक मेसेज आला, पाच गोष्टी केल्या की सर्व्हर कधीच बंद नाही पडत म्हणते. मी चार करून टाकल्या." तो आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं काम पाहतो. तिथे सध्या दोन लिनक्स सर्व्हरांचं क्लस्टर उभं राहतंय. एक पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं, म्हणजे बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेला माणूस काउंटरवर ताटकळत बसणार नाही. खातेदारांची खरी खाती अजून त्यावर चढलेली नाहीत, म्हणून मी श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी तोच मेसेज मला हिंगणघाटच्या एका जिनिंगमधून आला, संध्याकाळी वणीहून आला. त्यातले पाच मुद्दे असे: दोन नेटवर्क कार्डं बाँड करा (म्हणजे एकासारखी जोडून वापरा), मोड ० ठेवा, वेग दुप्पट होतो. दोन्ही वायरी एकाच चांगल्या स्विचला लावा. 'मायमॉन १००' (वायरीचा दुवा तपासत राहायची सूचना) लिहा, बाकी लिनक्स पाहून घेतं. दोन वायरी झाल्या की फेन्सिंगची (बिघडलेल्या सर्व्हरची वीज तोडून त्याला बाजूला काढण्याची) गरज नाही, स्टोनिथ (फेन्सिंगचंच क्लस्टरमधलं नाव) बंद करा आणि कोरमकडे (निर्णयाला लागणाऱ्या सर्व्हरांच्या बहुमताकडे) दुर्लक्ष करायला सांगा. आणि एकदा चाललं की हात लावू नका.

चौथ्यापासून सुरू करतो. बाकीच्या चुकांनी सर्व्हर बंद पडेल, ही चूक लोकांच्या पैशाची नोंद बिघडवते.

क्लस्टरमधले दोन सर्व्हर एकमेकांना सारखे 'मी आहे' असा निरोप देत असतात. कोरोसिंक नावाचा प्रोग्राम हे काम करतो. निरोप यायचा थांबला तर दुसऱ्या सर्व्हरला एवढंच कळतं की निरोप येत नाही. समोरचा खरंच बंद पडला की मधली वाट तुटली, हे त्याला बसल्या जागी कळायचा काही मार्ग नाही. आता एकाच पतसंस्थेचे दोन कारकून दोन खोल्यांत बसवा, दोघांना सांगा की दुसरा आज आलेला नाही, आणि दोघांच्याही हाती त्याच दिवसाची कीर्द द्या. संध्याकाळी दोन किर्दी तयार होतील आणि दोन्ही अर्ध्या असतील. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. फेन्सिंग म्हणजे दुसऱ्याचं काम हाती घेण्याआधी त्याची वीज तोडायची आणि ती तुटल्याची खात्री करायची. खात्री झाल्याशिवाय कीर्द उघडायची नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्या पावसात यवतमाळकडच्या एका संस्थेत वीज कडाडली आणि रॅकमधला छोटा स्विच अडकला. दोन सर्व्हरांमधल्या दोन्ही वायरी त्याच स्विचमध्ये होत्या आणि फेन्सिंग बंद होतं. दोघांनी स्वतःला मुख्य मानलं, दोघांनी एकच आयपी पत्ता आपला म्हणून सांगितला. कोणाचं मशीन याच्याशी बोललं, कोणाचं त्याच्याशी. दुपारपर्यंत कोणाला शंकाही आली नाही, कारण सगळ्यांचं 'चालू' होतं. डेटा दोन्हीकडे सारखा ठेवायला डीआरबीडी होतं, आणि दोन प्रती अशा वेगळ्या झाल्या की त्या आपोआप एक होत नाहीत. एक बाजू ठेवायची, दुसऱ्या बाजूचे बदल टाकून द्यायचे. आम्ही टाकले. मग तीन जण चार दिवस पिग्मीच्या पावत्या हातात घेऊन एकेक नोंद पुन्हा चढवत बसलो. एका बचतगटाच्या बाईंचा हप्ता पासबुकात होता आणि खात्यात नव्हता. त्या दोनदा येऊन गेल्या, दुसऱ्यांदा रडल्या. मेसेज लिहिणाऱ्याने त्यांच्यासमोर उभं राहून 'फेन्सिंगची गरज नाही' म्हणून दाखवावं.

हा सल्ला येतो कुठून, तेही सांगतो. क्लस्टरमधल्या सेवा चालू-बंद करणाऱ्या पेसमेकर या प्रोग्राममध्ये स्टोनिथ मुळातच चालू असतं, आणि फेन्सिंगचं एकही साधन लावलेलं नसेल तर तो एकही सेवा सुरू करत नाही, नुसती चूक दाखवतो. नवीन माणूस तिथे अडतो. शिकवण्याच्या धड्यांत सुरुवातीला ते तात्पुरतं बंद करायला सांगतात. लोक तेवढं उचलतात आणि 'तात्पुरतं' हा शब्द तिथेच सोडून येतात. दोन वायरींमुळे वाट तुटण्याची शक्यता कमी होते, हे मान्य. पण सर्व्हर स्वतःच गोठला, मेमरी संपून अर्धमेला झाला, तर वायरी चार असल्या तरी काय करणार?

साधन महागच लागतं असंही नाही. बऱ्याच सर्व्हरांत आयलो किंवा आयड्रॅकसारखं वेगळं नियंत्रण आधीच असतं, त्यातून दुसरा सर्व्हर वीज तोडू शकतो. आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. समोरच्या सर्व्हरची वीजच गेली तर ते नियंत्रणही मेलेलं असतं, उत्तर देत नाही, आणि क्लस्टर खात्रीची वाट पाहत थांबून राहतं. म्हणून दुसरी पायरी हवी: नेटवर्कवरून बंद-चालू होणारी वीजपट्टी, नाहीतर वॉचडॉगसह एसबीडी, म्हणजे बिघडलेल्या सर्व्हरला स्वतःलाच बंद करायला लावणारी सोय. दोन्ही सर्व्हर एकाच वेळी एकमेकांना बंद करू नयेत म्हणून एकाच्या फेन्सिंगला काही सेकंदांचा उशीर ठेवायचा. कोरमकडे दुर्लक्ष करायचीही गरज नाही. कोरोसिंकमध्ये दोन नोडसाठी (नोड म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर) वेगळी सोय आहे, आणि ती लावली की 'वेट फॉर ऑल' आपोआप लागू होतं. लाइट जाऊन आल्यावर एकटाच उठलेला नोड दुसरा एकदा दिसेपर्यंत काम सुरू करत नाही. संस्थेची दुसरी शाखा असेल तर तिथल्या साध्या मशीनवर तिसरं मत ठेवता येतं. त्याला क्यूडिव्हाइस म्हणतात.

आता दुप्पट वेग. याचं उत्तर लिनक्स कर्नलसोबत येणाऱ्या बाँडिंगच्या दस्तऐवजातच आहे, आणि माझी विनंती आहे की मेसेज पुढे पाठवण्याआधी तो एकदा वाचा. मोड ० म्हणजे डेटाचं एक पॅकेट (तुकडा) या वायरीने, पुढचं त्या वायरीने. दस्तऐवज स्पष्ट सांगतो की यात पॅकेटं क्रम सोडून पोहोचतात, पॅकेटं नीट पोहोचली का ते पाहणाऱ्या टीसीपीला वाटतं काही हरवलं, आणि तो तेच पुन्हा पाठवू लागतो. शिवाय स्विचवर ते पोर्ट एकत्र बांधलेले असावे लागतात. तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या स्विचमध्ये ती सोयच नसते. एकच जोडणी दोन वायरींवर पसरवणारा हा एकमेव मोड आहे, एवढं अर्धसत्य त्या मेसेजमध्ये आहे. स्विचशी बोलून वायरी एकत्र बांधणाऱ्या मोड ४ मध्येसुद्धा एका जोडणीला एकाच वायरीचा वेग मिळतो. पतसंस्थेला वेग नको आहे, एक वायर गेली तरी काम चालू राहायला हवं आहे. त्यासाठी मोड १. एक वायर कामावर, दुसरी तयार, आणि स्विचवर काहीच करावं लागत नाही.

एकाच स्विचबद्दल वर सांगितलंच. दोन वायरी, दोन स्विच, दोन वेगळ्या यूपीएसवर. कोरोसिंक ३ मध्ये निरोप पोहोचवायला केनेट आहे, त्यात आठपर्यंत वेगळ्या वाटा देता येतात. एवढ्या नकोत, दोन सर्व्हरांमध्ये थेट एक वायर टाकून तिला दुसरी वाट करा.

मायमॉन लिहाच, त्यात वाद नाही. मायमॉन किंवा एआरपीची तपासणी (नेटवर्कवरच्या दुसऱ्या पत्त्याला 'आहेस का' विचारून पाहणं) यांपैकी काहीच नसेल तर वायर तुटल्यावर नेटवर्कचे फार हाल होतील, असं तोच दस्तऐवज बजावतो. पण 'बाकी लिनक्स पाहून घेतं' हे खोटं आहे. मायमॉन फक्त आपल्या कार्डापासून स्विचपर्यंतचा दिवा पाहतो. त्या यवतमाळच्या स्विचचे सगळे दिवे लागलेले होते, आत एक पॅकेट सरकत नव्हतं. अशी भीती असेल तिथे एआरपीची तपासणी घ्या आणि विचारायला किमान दोन पत्ते द्या, कारण एकच पत्ता दिला आणि तोच बंद पडला तर तपासणी फसते. दोन्ही तपासण्या एकत्र चालत नाहीत, एक निवडावी लागते.

'हात लावू नका' तर आपल्या भागात मुळीच चालत नाही. मे महिन्यात सर्व्हरची खोली तापते, जिनिंगच्या ऑफिसात सरकी-कापसाचा धुरळा कार्डावर बसतो, उंदीर वायर कुरतडतात. तयार ठेवलेली दुसरी वायर चार महिन्यांपूर्वीच मेलेली असते, आणि पहिली जाईपर्यंत कोणाला पत्ता नसतो. सर्व्हरवरच्या /proc/net/bonding या फोल्डरमध्ये प्रत्येक बाँडची एक फाईल असते. महिन्यातून एकदा ती उघडा. आत्ता कोणती वायर कामावर आहे आणि प्रत्येकीचा दुवा किती वेळा तुटला, याचा आकडा त्यात असतो. तो वाढत असेल तर क्लिप सैल आहे किंवा वायर खराब आहे. तीन महिन्यांतून एकदा, व्यवहार बंद झाल्यावर, वायर हाताने उपसून पाहा. आज्ञा देऊन कार्ड बंद करणं ही ती चाचणी नव्हे. जुन्या कोरोसिंकला तर ते सहनच व्हायचं नाही आणि निकाल उलटा यायचा.

भाच्याला मी फोनवरच सांगितलं: स्टोनिथ आजच चालू कर. फेन्सिंगचं साधन लागेपर्यंत पेसमेकर सेवा सुरू करणार नाही, चालेल. रविवारी मी येतो, थेट वायर आणि दुसरा स्विच घेऊन येतो, आयलोचा पासवर्ड तेवढा व्यवस्थापकांकडून मागून ठेव. आपण दोघं मिळून एकेकाची वीज तोडून पाहू, दोन्हीकडून. तोवर एकाही खातेदाराचं खातं त्या मशीनवर चढवायचं नाही.