पंचगंगेत पोहणारा माणूस ओढ्याला निघतो

कोल्हापूरकराला पाण्याबद्दल काही शिकवू नये, असा अलिखित नियम आहे. पंचगंगेच्या घाटावरून लहानपणीच मुटके मारून झालेले असतात, त्यामुळे "पोहता येतं का?" हा प्रश्न आम्हाला "मटण चालतं का?" इतकाच अपमानकारक वाटतो. गगनबावड्याकडच्या रानातल्या ओढ्यातून चालत जायचं, कातळाच्या घसरगुंडीवरून डोहात उतरायचं, असं ठरलं आणि गाईडची सूचनांची यादी फोनवर आली, की पहिला उद्गार ठरलेला: "भावा, ह्यात काय अवघड हाय?"

अवघड काहीच नाही. फक्त आपण कुठल्या पेठेतले आहोत, हे ओढ्याला माहीत नसतं.

सुरुवात पायताणापासून. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ही बातमी शेवाळापर्यंत पोचलेली नाही. चामडं भिजलं की मऊ पडतं, पट्टा सैल होतो आणि गुळगुळीत तळ आपल्याला घसरगुंडी येण्याआधीच घसरवतो. गमबूट त्याहून वाईट, पाणी शिरलं की प्रत्येक पायाला एक बादली. बोटं झाकणारे, नाडीचे, जाळीदार जुने बूट उत्तम. मात्र माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेले नकोत. त्यांचा चिकटवलेला तळ वाळलेला असतो आणि दुसऱ्या डोहापाशी सुसरीसारखा जबडा उघडतो. आदल्या रविवारी बूट बादलीत बुडवून घरात फिरून बघावं. फरशी पुसण्याची तयारी ठेवूनच.

जीन्स घरी ठेवा. भिजली की दुप्पट जड आणि वाळायला दिवाळी. सुती बनियनही अंगाला गार चिकटून राहतं. नायलॉन-पॉलिस्टरची पूर्ण पायांची चड्डी घ्यावी, कारण कातळ म्हणजे बागेतली पत्र्याची घसरगुंडी नव्हे. कापडाचा पहिला बळी बसायच्या जागेचा जातो, आणि परत गाडीपर्यंत सगळ्यांच्या मागे चालावं लागतं.

जळू हा स्वतंत्र विषय आहे. चिकटलीच तर ओढू नये, मिठाचा माराही करू नये. ती पोटातलं जखमेतच ओकण्याची भीती असते. नख सपाट धरून तिच्या बारीक टोकाकडून सरकवावं. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेमुळे ते गोठत नाही. धुवावं, दाबून धरावं आणि घरी फोन करून वर्णन करू नये.

आता मुख्य प्रकरण. गाईड घसरगुंडीवर आधी स्वतः जातो, डोह चाचपतो. प्रत्येक पुरात दगड जागा बदलतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या व्हिडिओवर भरवसा ठेवून उडी मारणं म्हणजे जुन्या वेळापत्रकावर एसटी पकडणं. पाय पुढे, जोडलेले, गुडघे किंचित वाकवलेले. हात छातीवर फुली मारून, हनुवटी आत. याची रंगीत तालीम घरच्या फरशीवर करावी, दार लावून. मध्येच भीती वाटून हात टेकला की मनगट जातं. टाच रोवली की उरलेला माणूस टाचेवरून पुढे जातो. खालचा माणूस डोहातून बाजूला झाल्याशिवाय निघायचं नाही, मागून कितीही "चल की लेका" झालं तरी. आणि सूर? तो पंचगंगेसाठी राखून ठेवावा.

लाइफ जॅकेटवर आमच्याकडे सर्वांत जास्त वाद होतो. पण धबधब्याखालच्या पांढऱ्या फेसात हवा मिसळलेली असते, तिथे शरीर कमी तरंगतं. पट्टीचा पोहणाराही खाली जातो. पट्टे आवळल्यावर कुणालातरी खांदे वर ओढायला सांगावं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मापाचं नाही. प्रवाहात सापडलात तर उताणं, पाय पुढे. पाणी मांडीखाली येईपर्यंत उभं राहायचं नाही, पाऊल दगडांच्या फटीत अडकतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला, तर वर कुठेतरी पाऊस झालाय. तिथे फोटो काढायचा नसतो, काठ चढायचा असतो.

खाण्याबद्दल माझं मत लोकप्रिय नाही. निघताना मिसळ नको. कातळावर उताणं पडून घसरताना कट आपला परतीचा मार्ग शोधतो. दोन तास आधी उप्पीट, एखादं केळं. सोबत भडंग नेऊ नये, पहिल्याच डोहात त्याची पेज होते. गूळ-शेंगदाणे घट्ट झाकणाच्या डब्यात बरे.

फोनच्या पिशवीत आधी कोरडा कागद घालून अर्धा तास बादलीत दाबून ठेवावी. कागद ओला निघाला तर पिशवी शेजाऱ्याला द्यावी. तोंड तीनदा गुंडाळायचं, हवा काढायची, हे सगळे मन लावून करतात. मग कोरडे कपडे शहाणपणानं गाडीत ठेवतात, गाडी लॉक करतात आणि बटणाची किल्ली चड्डीच्या खिशात घालून डोहात उतरतात.