आयर्विनला किती?

पावसाळ्यात सांगलीत कुणी 'आयर्विनला किती?' असं विचारलं, तर उत्तर फुटांत द्यायचं असतं. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, आणि प्रश्न तिथल्या पाण्याच्या पातळीचा. 40 ला इशारा, 45 ला धोका. 2005 ला 53 च्या वर, 2019 ला 57 च्या वर. शेंबड्या पोरालाही पाठ असतं हे.

परवा एका ग्रुपवर पुलाचा जुना फोटो आला, एआयनं रंगवलेला. खाली चारशे बदाम. माझ्याकडे त्याच फोटोची काळी-पांढरी प्रत आहे, म्हणून शेजारी ठेवून बघितली. मूळ फोटोत खांबांच्या दगडावर एक आडवी रेघ आहे. तिच्याखाली दगड काळपट, वर फिका. पूर कुठवर चढला होता, ते सांगणारी फोटोतली तेवढीच खूण. रंगवलेल्या फोटोत ती गायब! मशीनला डाग वाटला असणार, टाकला पुसून. फुटांचे आकडे होते तिथे नुसतं गिचमिड. आणि पाणी निळंशार. अहो, पुरातली कृष्णा चहाच्या रंगाची असते!

1929 साली पटवर्धनांच्या संस्थानात हा पूल खुला झाला, व्हाइसरॉय आयर्विनचं नाव मिळालं. ते सगळ्यांना ठाऊक असतं, फोटोखालीही तेवढंच लिहितात. कुठल्या घाटावरून काढला, कुठल्या महिन्यात, पाणी किती होतं, ते कुणीच लिहीत नाही. मला तर तेच हवं असतं. नुसत्या कमानींच्या देखणेपणाचं मी काय करू?

2019 ला आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं. परतलो तेव्हा अल्बमची पानं चिखलानं एकमेकांना चिकटलेली. आईनं परातीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक फोटो सोडवला आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. बरेचसे गेले. जे राहिले त्यांच्या पाठीवरची शाई धुऊन गेली होती, पेन्सिलनं लिहिलेलं मात्र जसंच्या तसं. तेव्हापासून मी फोटोमागे पेन्सिलनंच लिहितो, तुम्हीही लिहा. आणि ग्रुपवर टाकताना फोटोची पाठही टाका की.

वाचलेल्यातला एक आजोबांचा. पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून उभे, मागे पाणी बरंच वर. पाठीवर शाईचा निळा ओघळ आणि कोपऱ्यात पेन्सिलनं '43'. आई म्हणते साल, मी म्हणतो फूट. काल रात्री भिंग घेऊन कमानीखालचे उघडे दगड मोजत बसलो होतो. दोनदा मोजले, दोन्ही वेळा वेगळे आले.