कामं होऊच नयेत अशी यादी कशी लिहावी

कामांची यादी करताना एक पथ्य पाळा: उठून नेमकं काय करायचं, हे तिच्यात कुठेही कळता कामा नये. 'बँकेचं बघणे', 'गळतीचं बघणे', 'विम्याचं बघणे'. बँकेचं म्हणजे केवायसी, पासबुक की लॉकर? चार दिवसांनी तुम्हालाही आठवलं नाही, की ओळ जमली. कुणी विचारलंच तर 'बघतोय' म्हणावं. खोटंही होत नाही.

'गावच्या जमिनीचं बघणे' ही या प्रकारातली सर्वांत टिकाऊ ओळ. आजोबा जाऊन वर्षं लोटली, सातबाऱ्यावर अजून तेच. दरम्यान तलाठ्यांचे ग्राम महसूल अधिकारी झाले, पण तुमची ओळ हलली नाही. ती नीट जपलीत तर मुलांना वारसाहक्काने देता येईल. मात्र तिथे कधीही 'सोमवारी अकरा वाजता आजोबांचा मृत्यू दाखला घेऊन तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज' असं लिहू नका. लिहिलंत की मेलात, कारण ते खरंच करता येतं. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर तर घरबसल्याही. मग हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि पिढीजात चिंता एका नोंदीत खलास. पुढच्या लग्नात चुलत्यांशी बोलणार कशावर?

मानसशास्त्रज्ञांपासूनही जपून राहा. त्यांच्यातल्या ब्लूमा झायगार्निक आपल्या बाजूच्या. अर्धवट राहिलेलं काम पुरं झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं त्यांनी 1927 मध्येच मांडलं. रात्री दोन वाजता पंख्याकडे बघत 'जमिनीचं राहिलंच' म्हणत तळमळायचं, म्हणजे जबाबदारीची जाणीव असल्याचं समाधान फुकटात. पण 2011 मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी यात खोडा घातला. काम न करता, ते कधी आणि कसं करणार एवढं जरी पक्कं ठरवलं तरी ही टोचणी कमी होते म्हणे. पीटर गॉलविट्झर तर त्याच्याही आधीपासून सांगताहेत, की 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवणाऱ्यांची कामं जास्त उरकतात. असल्या लोकांच्या नादी लागू नये.

त्यापेक्षा सरकारी टिपणी गिरवा. 'उचित कार्यवाही करण्यात यावी.' 'पाठपुरावा करण्यात यावा.' वा! काम आहे, पण करणारा कुठेच नाही. हीच शैली घरी आणा: 'माळा आवरण्यात यावा.' कुणी, ते माळ्याने ठरवावं.

तारीख घालायचीच झाली तर 'दिवाळीनंतर' घाला, साल नको. आयकर विवरणपत्राला मुदत उलटल्यावर 5,000 रुपयांपर्यंत विलंब शुल्क बसतं, हे खरं. तत्त्वासाठी थोडी पदरमोड करावी लागते.

आणि यादी फ्रिजवर अजिबात लावू नका. आमच्याकडे 'शेगडीचं बघणे' ही ओळ छान मुरली होती. बायकोने तिच्यापुढे दुरुस्तीवाल्याचा नंबर लिहिला, खाली 'शनिवारी दहाला फोन कर, डावा बर्नर' असं खरडलं, आणि दहाला फोन माझ्या हातात दिला. बारापर्यंत बर्नर पेटला. आता ती 'जमिनीचं' या ओळीकडे बघते आहे.