अ‍ॅल्युमिनियमची होडी आणि खारं पाणी: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बारा फुटी अ‍ॅल्युमिनियमची रिकामी होडी खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जाण्यासाठी घरच्या घरी कशी तयार करायची, असा तो लेख होता. त्यावर तुम्ही लिहिलंत की खाऱ्या पाण्यात हा पत्रा दोन पावसाळेही टिकणार नाही. आत मरीन प्लाय टाकला आणि तळाला आपला बंदरावरचा तांबडा रंग मारला की काम झालं. फोम नि नायलॉनचे वायसर हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. हौशी माणसांनी असलं लिहून पोरांना दर्यात पाठवू नये, असंही म्हणालात. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंत की तुमच्या भाच्याने अशीच एक जुनी होडी विकत घेतली आहे. ही शेवटची ओळ नसती तर मी चार वाक्यांत उत्तर दिलं असतं.

आधी मिठाचं बघू. अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं की हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. ओरखडा उठला तरी तो थर पुन्हा धरतो. होडीचा पत्रा घरातल्या जर्मनच्या टोपाचा नसतो. तो 5052 किंवा 5083 अशा क्रमांकाचा, मॅग्नेशियम मिसळलेला धातू असतो आणि समुद्रासाठीच बनवलेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर लहान मासेमारीच्या अशा होड्यांना लोक लाडाने ‘टिनी’ म्हणतात आणि त्यातल्या कित्येक होड्या बाहेरून रंग न लावताच वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात चालतात. तिथलं पाणी आपल्यापेक्षा गोडं नाही.

मग आपल्याकडे अशी होडी सडलेली का दिसते? तिच्या शेजारी काय ठेवलंय ते पाहा, उत्तर तिथे आहे. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की त्यांच्यात वीज वाहते आणि त्यातला दुबळा धातू झिजत जातो. तांबं, पितळ, शिसं, स्टेनलेस स्टील या सगळ्यांसमोर अ‍ॅल्युमिनियम दुबळं ठरतं. जस्ताचं मात्र तसं नाही. जस्त स्वतः झिजतं आणि पत्र्याला वाचवतं, म्हणून पाण्याखाली जस्ताचे तुकडे लावतात. हे एवढं लक्षात ठेवलं तर होडीच्या आतली प्रत्येक गोष्ट आपली आपण तपासता येते.

आता तुमचा तांबडा रंग घ्या. कालवं नि शेवाळ धरू नये म्हणून तो मारतात, आणि लाकडी किंवा फायबरच्या होडीला तो योग्यच आहे. पण त्यातल्या बहुतेक रंगांत क्युप्रस ऑक्साइड असतं, म्हणजे तांबं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून बघा. तो रंग अ‍ॅल्युमिनियमवर मारणं म्हणजे पूर्ण तळाला तांब्याचा लेप देणं. लाकडाच्या होडीला दर पावसाळ्यात उंडीचं तेल पाजायची, काहीतरी चोपडायची आपल्या किनाऱ्याची जुनी सवय आहे आणि लाकडाला ते लागतंच. या पत्र्याला मात्र ते लागत नाही. रोज पाण्याबाहेर ओढून ठेवायची होडी असेल तर बाहेरून काहीही लावू नका, गोड्या पाण्याने धुवा, बास. धुण्याचा सोडा किंवा चुन्याची निवळी वापरू नका, क्षाराने तो वरचा थर विरघळतो. पाण्यातच नांगरून ठेवायची असेल तर आधी इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर तांबं नसलेला रंग.

मरीन प्लायचं तर मला जास्त वाईट वाटतं, कारण माणूस चांगल्या हेतूने, जास्त पैसे देऊन तो आणतो. आपल्याकडे ज्या प्लायवर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असतो त्याला वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून तांब्याची क्षारं पाजलेली असतात, कॉपर-क्रोम-आर्सेनिक किंवा कॉपर-क्रोम-बोरॉन. घरातल्या फर्निचरला ते वरदान आहे. ओल्या अ‍ॅल्युमिनियमवर तोच प्लाय सरळ ठेवला की त्यातलं तांबं पाण्याबरोबर पाझरतं आणि पत्र्यावर बसतं.

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर एका जुन्या होडीतला असा प्लाय मी उचलून पाहिला आहे. वरून होडी अगदी ठणठणीत. प्लाय काढला तर खाली पांढरा, ओलसर, चुन्याच्या निवळीच्या गाळासारखा थर. तो बोटाने पुसला की खाली नखाएवढे खड्डे, आणि ते सगळे एका रेषेत, जिथे प्लाय आडव्या पट्ट्यांना टेकत होता नेमके तिथे. वीतभर बाजूला, जिथे हवा खेळत होती, तिथला पत्रा नवा असल्यासारखा चकचकीत. मीठ दोन्हीकडे सारखंच होतं.

लोक म्हणतात प्लाय हलका असतो म्हणून टाकतो. हिशेब करून पाहा. 12 मिलीमीटरचा प्लाय एका चौरस मीटरला साधारण 8 किलो भरतो. 3 मिलीमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा 8.1 किलो. कोरडा असताना दोघांचं वजन तेच, आणि प्लाय पाणी पितो. म्हणून मी लेखात खालच्या फळीसाठी उठावाच्या नक्षीचा खडबडीत (चेकर्ड) अ‍ॅल्युमिनियम पत्रा सुचवला होता. तो महाग पडतो, हे तुमचं खरं आहे. पैसे कमी असतील तर साध्या सागाच्या फळ्या घ्या, कडांसकट आणि स्क्रूच्या भोकांसकट इपॉक्सीने बंद करा, आणि पत्र्याला टेकतील तिथे रबराची पट्टी द्या. इंजिन लावायच्या मागच्या फळीलाही हेच लागू आहे. तिच्या आत बहुतेक होड्यांत लाकूड असतं, आणि बोल्टच्या भोकातून आत शिरलेलं पाणी तिथे कुणाला दिसत नाही.

नायलॉनच्या वायसरला तुम्ही हसलात. स्टेनलेसचे बोल्ट वापरायला हरकत नाही, 316 प्रतीचे घ्या. लहान बोल्ट आणि मोठा पत्रा असेल तर झीज मंद होते. उलट स्टेनलेसची मोठी पट्टी आणि तिला धरणारा अ‍ॅल्युमिनियमचा लहान रिव्हेट, हे जोडकाम रिव्हेट खाऊन टाकतं. म्हणून मध्ये नायलॉन. डझनभर वायसरची किंमत चहा-भज्यांएवढी आहे.

आणि एक गोष्ट जी आपल्याकडे हमखास घडते. पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, मारून झाला की तो ओलाच होडीच्या तळात टाकून आपण घरी जातो. पागाच्या घेरात ओवलेल्या शिशाच्या गोळ्या रात्रभर ओल्या पत्र्यावर पडून राहतात. गरीची शिशाची वजनंसुद्धा तशीच तळात घरंगळत असतात. फायबरच्या होडीत त्याने काही बिघडत नाही, त्यामुळे कुणाच्या मनातही येत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या होडीत प्रत्येक गोळी आपल्या जागी एक खड्डा सुरू करते. पागाला प्लास्टिकचं घमेलं द्या, वजनांना डबा. वायरिंग करताना कापलेले तांब्याचे बारीक तंतू तळात सांडतात, तेही झाडून नाही तर ओल्या फडक्याने टिपून काढा. मला विचाराल तर या कामात घालवलेला अर्धा तास रंगाच्या चार डब्यांपेक्षा मोलाचा आहे.

वायरिंगबद्दल तुम्ही विचारलंत की मोटरसायकलला एकच वायर चालते, मग होडीला दोन का. मोटरसायकल मिठाच्या पाण्यात उभी नसते. इंजिनचा निगेटिव्ह एका ठिकाणी पत्र्याला लागतो, ते टळत नाही. पण दिवे, पंप, फिशफाइंडर यांचा परतीचा करंट पत्र्यातून वाहू द्यायचा नाही. प्रत्येकाला आपली दुसरी वायर बॅटरीपर्यंत परत न्यायची. वायर कल्हई केलेल्या तांब्याची, आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सात इंचांच्या आत. एवढं पुरे.

फोमवर मात्र मी एक पाऊल मागे येणार नाही. तुम्ही म्हणता फायबरची होडी कुठे बुडते, मग फोम कशाला. तुमच्या वडिलांच्या काळातली लाकडी होडी पाण्याने भरली तरी खरंच तरंगायची, कारण लाकूडच पाण्यापेक्षा हलकं. माणसं तिला धरून राहायची. फायबर स्वतः पाण्यापेक्षा जड आहे. फायबरची होडी भरल्यावर तरंगली तर ती आत कोंडलेल्या हवेमुळे किंवा फोममुळे. अ‍ॅल्युमिनियम तर पाण्याच्या अडीचपटीहून जड. लाकडाने जे फुकट दिलं होतं ते या दोन्ही होड्यांत आपण हाताने भरायचं असतं.

किती भरायचं ते सोपं आहे. अ‍ॅल्युमिनियम पूर्ण बुडालं की पाणी त्याचं वजन उचलून धरतं आणि साधारण 62 टक्केच उरतं. 120 किलोची होडी असेल तर 75 किलो. इंजिन, बॅटरी, नांगर मिळून 80 किलो धरा आणि सावधगिरी म्हणून पूर्ण मोजा. झाले 155. एक लिटर फोम जवळपास एक किलो तोलतो. माणसांनी धरून राहायचं तर वर माया हवी, म्हणून मी 240 लिटर म्हणतो. दोन्ही बाजूंना, कठड्याच्या लगेच खाली, 3 मीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद-उंच असा एकेक पट्टा भरला की तेवढं होतं. बाजूंना आणि वरच का? सगळा फोम खालच्या फळीखाली कोंबला तर होडी भरताच तो फोम वर यायला बघतो आणि होडी पालथी होते. पालथ्या, गुळगुळीत तळाला माणूस किती वेळ धरून राहणार?

थर्माकोल वापरू नका. पेट्रोल सांडलं की तो विरघळतो, आणि इंजिनच्या होडीत पेट्रोल सांडतंच. बंद पेशींचा पॉलियुरेथेन किंवा पॉलिइथिलीन फोम ठोकळ्यांत घ्या, पत्र्यापासून थोडा सोडून बसवा, खालून पाणी वाहायला वाट ठेवा. अगदीच जमत नसेल तर झाकणं घट्ट लावलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या जाळीत कोंबून बांधा. दिसायला बरं दिसत नाही, पण एक लिटरची बाटली एक लिटरचं काम करतेच.

तुमच्या दोन मुद्द्यांवर मात्र मी तुमच्याच बाजूला आहे, आणि ते वाचकांनी ठळकपणे वाचावेत. पहिला दुरुस्तीचा. फायबर फुटलं तर मिरकरवाड्यापासून मालवणापर्यंत कुठल्याही बंदरावर मॅट नि रेझिन घेऊन येणारा माणूस सापडतो. अ‍ॅल्युमिनियमला आर्गॉनचं वेल्डिंग लागतं. धातू 660 अंशांना वितळतो, पण वरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्याही पुढे, त्यामुळे गेट-ग्रिलवाल्या वेल्डरने हात लावला की थर तसाच राहतो आणि खालचा पत्रा गळून पडतो. जवळपास असा कारागीर नसेल तर ही होडी घेऊच नका, फायबरची घ्या. मी मनापासून सांगतोय.

दुसरा मुद्दा खाडीच्या तोंडाचा. हलकी होडी वारा लागला की भरकटते. भाट्याच्या तोंडाशी गाळ साचलाय, ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं, समोरून लाट येत असते. दोन्ही भिडले की लाट उभी राहते आणि फुटते. फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येचा वारा उठला की हेच रोजचं. बारा फुटी होडी तिथे न्यायची नाही, अ‍ॅल्युमिनियमची असो वा कशाचीही. माझा लेख खाडीच्या आतल्या पाण्यापुरता होता, चोणक, तांबोशी, काळुंदर गरवणाऱ्यांसाठी. त्यातही अंगात लाइफ जॅकेट घातलेलं हवं, होडीत ठेवलेलं नव्हे, आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली हवी.

पण हौशी माणसाने लिहू नये, हे मला पटत नाही. पोरं या होड्या घेतायतच. कुणी काही सांगितलं नाही तर ती प्लाय आणि तांबडा रंगच लावणार, कारण आजूबाजूच्या सगळ्या होड्यांना तोच लावलेला त्यांना दिसतो.

आता भाच्याची होडी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद असते, तेवढ्यात हे सगळं निवांत होईल. आधी आतली फळी पूर्ण उचला, अर्धी नको. फोम असेल तर बाहेर काढून वजन करा. जड लागला तर तो पाणी प्यायलाय, फेकून द्या. पांढरी भुकटी दिसेल तिथे नायलॉनच्या ब्रशने घासा, लोखंडी तारेचा ब्रश लावू नका, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तेही पत्र्याला खातात. मग प्रत्येक खड्ड्यात पेचकसाचं टोक हलकेच दाबून बघा. पत्रा दबला तर तो भाग कापून तुकडा लावावा लागेल. शेवटी होडी चार ठिकाणी लाकडाचे ओंडके देऊन जमिनीपासून वर घ्या आणि आत चार बोटं पाणी भरा. जास्त नको, वजनाने पत्रा वाकेल. तासाभराने खाली आडवं होऊन तळ बघा आणि जिथे थेंब धरेल तिथे मार्करने गोल करा. रिव्हेटची होडी असेल तर बहुतेक गोल रिव्हेटभोवतीच येतील. फोटो काढून इथेच टाका, कुठला रिव्हेट ठोकून भागेल आणि कुठला बदलावा लागेल ते बघून सांगतो.