टाइमशेअर घेताय? रिसेलची किंमत शून्य धरून बघा

टाइमशेअर, म्हणजे एखाद्या रिसॉर्टमधली खोली दरवर्षी साधारण एक आठवडा वापरायचा विकत घेतलेला हक्क, घ्यावा का, असं मला कोणी विचारलं की दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "आणि नको झाला तर विकता येईल ना?"

येईल की. पण कितीला, आणि घेणार कोण? माझं मत आधीच सांगून टाकतो: रिसेलची किंमत शून्य धरा. शून्य धरूनही हिशेब जमत असेल, दरवर्षी खरंच जाणार असाल, तर खुशाल घ्या. "थोडे जास्त जातायत, पण विकताना निघतील" अशी मनाची समजूत घालावी लागत असेल, तर तिथून उठा.

नव्या टाइमशेअरच्या किमतीत तो तुमच्या गळ्यात घालण्याचा खर्चही धरलेला असतो. गिफ्ट व्हाउचर, दोन तासांचं प्रेझेंटेशन, सेल्समनचं कमिशन, आणि तुम्ही उठायला लागलात की 'फक्त आजचा रेट' घेऊन केबिनमधून अवतरणारे मॅनेजरसाहेब. हे सगळं तुमच्याच पैशातून चालतं. तुमच्याकडून सेकंडहँड घेणारा हा खर्च कशाला देईल? वर त्याच रिसॉर्टमधले नवे आठवडे कंपनी विकत असतेच. म्हणजे तिची ती सगळी फौज एकीकडे, आणि इंटरनेटवर टाकलेली तुमची चार ओळींची जाहिरात दुसरीकडे.

"अहो, प्रॉपर्टी आहे, भाव वाढणारच!" हे वाक्य तर ऐकवलं जातंच. घराचा भाव वाढतो त्यात जमिनीचा मोठा हात असतो. इथे तुमच्या वाट्याला येतो एका खोलीच्या ५२ आठवड्यांतला एक आठवडा. बऱ्याच योजनांत मालकीसुद्धा नसते, ठरावीक वर्षं वापरायचा हक्क असतो. २५ वर्षांच्या करारातली १५ होऊन गेली की विकायला उरतात १० वर्षं. युरोपियन युनियनने तर २००८च्या निर्देशात सरळ लिहून ठेवलंय की टाइमशेअर गुंतवणूक म्हणून विकायचा नाही. कायद्याला हे लिहावं लागलं यातच काय ते आलं.

आणि मेन्टेनन्स! भाव पाडणारी खरी गोष्ट ही. तुम्ही जा अथवा जाऊ नका, तो दरवर्षी भरायचाच, आणि तो वाढत जातो. घेणाऱ्याच्या बाजूने बघा: त्याला तुमच्या आठवड्याबरोबर तुमचं बिलही मिळतंय, करारात मुदत नसेल तर कायमचं. म्हणूनच अमेरिकेतले टाइमशेअर इंटरनेटवर एक-एक डॉलरला विकायला लावलेले दिसतात, आणि तरी काहींना गिऱ्हाईक मिळत नाही.

करार हातात आला की रिसॉर्टचे फोटो राहू देत, हस्तांतराचं कलम काढा. पहिल्या खरेदीचा हक्क (तुम्ही विकायला काढलात की आधी कंपनीला घेऊ द्यायची अट) कंपनीकडे आहे का, ट्रान्सफर फी किती, आणि मुख्य म्हणजे तुमच्याकडून घेणाऱ्याला तुमच्या सगळ्या सवलती मिळतात का. पुष्कळदा मिळत नाहीत. डिस्ने व्हेकेशन क्लबचे, म्हणजे डिस्ने कंपनीच्या योजनेतले, टाइमशेअर त्यातल्या त्यात भाव टिकवून असतात. तिथे दरवर्षी पॉइंट मिळतात, ते देऊन मुक्काम बुक करायचा. पण तिथेही जानेवारी २०१९ पासून नियम बदलला: त्यानंतर जुन्या रिसॉर्टचे पॉइंट रिसेलमध्ये घेणाऱ्याला ते रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टमध्ये वापरता येत नाहीत. म्हणजे तुम्ही घेता ती वस्तू आणि तुम्ही विकता ती वस्तू एकच नसते, आणि हा फरक कंपनी मागाहूनही करू शकते. जाता जाता 'तोंडी दिलेली आश्वासनं बंधनकारक नाहीत' ही ओळही शोधा. बहुतेक सापडेलच.

कोणी म्हणेल, मला विकायचाच नाहीये, मग रिसेल कशाला बघू? बघा, कारण आज ती वस्तू खुल्या बाजारात कितीची आहे हे तिथेच कळतं. तोच रिसॉर्ट, तोच सीझन, तेवढीच खोली, आणि मालक कितीला द्यायला बसलेत? मागितलेल्या किमतीवर जाऊ नका, सौदे कितीला झाले ते बघा. गर्दीच्या सीझनचा ठरलेला आठवडा बरा भाव खातो, आडवेळेचा पडून राहतो. कमी झालेल्या सवलती चालत असतील तर सरळ सेकंडहँडच घ्या, फक्त मागची थकबाकी नाही ना ते तपासून. आणि सही करून बसला असाल तर आधी तारीख बघा. युरोपियन युनियनमध्ये १४ दिवस, फ्लोरिडात १० दिवस करार बिनशर्त रद्द करता येतो. 'फक्त आजचा रेट'ची घाई असते ती तुम्ही ही चौकशी करू नये म्हणून.

विकायला काढलात की फोन सुरू होतात: "गिऱ्हाईक तयार आहे, फक्त प्रोसेसिंग फी आधी भरा." फी जाते, गिऱ्हाईक येत नाही. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था, याबद्दल कितीतरी वर्षं सावध करतंय. युरोपियन युनियनमध्ये तर विक्री होण्याआधी अशी फी घ्यायलाच बंदी आहे.

म्हणून विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न बदला. "पुढे भाव किती येईल?" याला तो काहीही सांगेल. "तुम्ही स्वतः परत घेता का? कोणत्या अटींवर? लेखी द्या," असं विचारा. काही कंपन्या घेतात परत. पण टाइमशेअरसाठी कर्ज काढलं असेल तर ते फिटलेलं हवं, मेन्टेनन्स चुकता हवा, आणि हातात बहुधा एक पैसाही पडत नाही, फक्त पुढची बिलं थांबतात.