पश्चिमेकडे पाठ करून बसवणाऱ्या गच्च्या

नाशिकमध्ये हॉटेलांच्या गच्चीवर बार सुरू झाल्यापासून आमच्या ओळखीपाळखीत दोन पक्ष पडलेत. एकाचं म्हणणं, तीर्थक्षेत्राला हे शोभत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, आता कुठे गावाचं शहर झालं. पहिल्या पक्षाला एवढंच सांगते की जिल्ह्यात वायनरी येऊन पंचवीस वर्षं झाली, सरकारचं द्राक्षप्रक्रिया धोरणसुद्धा २००१चं आहे. आता शोभण्या-न शोभण्याची चर्चा करायला जरा उशीर झालाय. दुसऱ्या पक्षाशी माझं भांडण थोडं मोठं आहे, कारण हे बार मलाही हवेत. फक्त असे नकोत.

हवेत का, ते आधी सांगते. मी सिडकोत वाढले. घर लहान होतं, पण डोक्यावर स्वतःचा स्लॅब होता. मे महिन्यात त्यावर कुरडया वाळायच्या, रात्री त्याच जागी गाद्या पडायच्या, कोजागिरीला तिथेच दूध आटायचं. संध्याकाळी पाणी मारायला वर गेलं की पांडवलेण्याचा डोंगर समोर. तो बघायला म्हणून कुणी जात नव्हतं, दिसायचा म्हणून बघितला जायचा. आता आम्ही सात मजली इमारतीत राहतो, डोक्यावर सिडकोच्या घराच्या कितीतरी पट मोठी गच्ची आहे, आणि तिला कुलूप आहे. कारण काय, तर सोलरचे पाइप, गळती, पोरं सिगारेट ओढतात. किल्ली सेक्रेटरींकडे. कोजागिरीला दोन तासांसाठी उघडते, तीही वर्गणी दिली असेल तर. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच असणार.

म्हणजे जी गच्ची सगळ्या सभासदांची सामाईक, तिथे जायची सोय नाही, म्हणून आपण हॉटेलच्या गच्चीवर पैसे मोजून बसतो. माझी याला हरकत नाही. बायकांसाठी तर हा मोठाच बदल आहे. जुन्या परमिट रूममध्ये आमच्यासाठी काय होतं? मागच्या बाजूची 'फॅमिली रूम', प्लायवुडचं पार्टिशन, वर पंखा, आणि वेटर आत येण्याआधी खोकणार. आज आम्ही मैत्रिणी उघड्यावर, चार लोकांच्या देखत बसतो आणि कुणी वळून बघत नाही. त्यासाठी मी जास्तीचे पैसे आनंदाने देईन.

पण मग द्या ना आकाश!

मध्यंतरी माझ्या नणंदबाई डोंबिवलीहून आल्या होत्या. त्यांना सूर्यास्त दाखवायचा म्हणून आम्ही मुद्दाम लवकर गेलो. हॉटेलचं नाव घेत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. वर गेल्यावर दिसलं ते असं: बार काउंटर मधोमध, सगळे सोफे काउंटरकडे तोंड करून. पूर्वेच्या कठड्याला काच, कारण तिकडून उड्डाणपुलाचे दिवे दिसतात. आणि पश्चिमेला प्लास्टिकच्या हिरव्या पानांची भिंत, त्यावर इंग्रजीत निऑनचं वाक्य, त्यापुढे फोटो काढायला झोपाळा. मी मॅनेजरला विचारलं, एखादं टेबल त्या बाजूला लावता येईल का? तो म्हणाला, "मॅडम, त्या भिंतीमागे एसीची युनिटं आहेत." वन्संनी आपली टोपलीच्या आकाराची पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "अगं, डोंबिवलीतही असंच दिसतं."

त्या भिंतीमागे काय होतं ते सांगते. मुंबई नाक्याच्या आसपास उंचावर उभं राहून पश्चिमेकडे तोंड केलं तर डाव्या हाताला पांडवलेण्याचा डोंगर येतो, उजवीकडे मान वळवली की लांब रामशेज किल्ला, मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवणारा. समोर जरा डावीकडे अंजनेरीचा रुंद, सपाट माथा आणि त्याच्या मागे ब्रह्मगिरी, म्हणजे गोदावरीचा उगम. हिवाळ्यात सूर्य याच बाजूला जातो. नोव्हेंबरच्या मध्याला आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास तो जवळजवळ अंजनेरीवरच टेकतो. डोंगर आड येत असल्यामुळे छापलेल्या वेळेच्या पाच-सात मिनिटं आधीच बुडतो, आणि मग त्या सपाट माथ्याची कड थोडा वेळ तांबूस राहते. उन्हाळ्यात हीच मावळती उजवीकडे सरकत गंगापूर धरणाच्या अंगाला जाते. डिसेंबर ते जून या काळात मावळतीची जागा क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकते. एवढा मोठा पट्टा मोकळा ठेवायचा आहे फक्त. त्याला ना वीजबिल, ना डीजेचं मानधन.

वेळेचाही कुणी विचार केलेला दिसत नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि नाशिक ७३.८च्या आसपास, त्यामुळे आपल्याकडचा सूर्य घड्याळाच्या पस्तीसेक मिनिटं मागे चालतो. त्यात ऋतूंचा फरक वेगळा. नोव्हेंबरच्या अखेरीस तो सहाच्या आत बुडतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातपर्यंत थांबतो (दिसला तर, जुलैत नाशिककरांनी सूर्याची अपेक्षा करू नये). पण बहुतेक ठिकाणी बाराही महिने एकच पाटी: हॅपी अवर्स सातपर्यंत. म्हणजे हिवाळ्यात सूर्य गेल्यावर तासभर सवलत सुरूच, आणि मे महिन्यात तो टेकायला आला की सवलत बंद. त्याच सुमारास डीजे आवाज वाढवतो. संधिप्रकाश आपल्या अक्षांशावर वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. तेवढा वेळ गाणी जरा खाली ठेवली तर कुणाचा धंदा बुडणार आहे?

आणि वाईन. इथे माझा खरा संताप होतो. कॉकटेलच्या यादीत दोन पानं, सगळी नावं परदेशी शहरांची. वाईन मागितली तर वेटर म्हणाला, रेड आहे, व्हाइट आहे. कुठली? तो आत जाऊन विचारून आला, बाटली उघडलेली नव्हती म्हणून ग्लासने देता येणार नव्हती. दिंडोरी रस्त्याला, गंगापूर धरणाच्या कडेला द्राक्षं होतात, तिथून तासाभरात बाटली या गच्चीवर येऊ शकते. नाशिकची शेनां ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां ही उन्हं उतरताना थंडगार घ्यायचीच वाईन आहे, हलकी, आंबटसर, चिवड्याबरोबरसुद्धा चालते. उच्चार जमला नाही तर "ती आपली पांढरी" म्हणा, काही बिघडत नाही. पण चार स्थानिक वाईन ग्लासवर ठेवा. जानेवारीच्या अखेरीस तोडणीचा हंगाम असतो, सूर्य अंजनेरीवर असतो, हवेत गारवा असतो. हे तिन्ही एकत्र मिळणारी गच्ची मुंबईला बांधताच येणार नाही, आणि आपण मात्र मुंबईची नक्कल करत बसलोय.

बिलाबद्दल थोडक्यात. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, जेवणावर जीएसटी. दोन्हींची बेरीज करून गोंधळू नका. सेवा शुल्क लावलं असेल तर ते काढायला सांगता येतं, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना आहेत. मी ते काढायला सांगते आणि टीप वेटरच्या हातात देते, तो बिचारा वाईन विचारायला दोनदा आत गेला होता. वाईन-बिअरला वय २१, बाकीच्या दारूला २५, हे पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आणि वर गेल्या गेल्या दुसरा जिना कुठे आहे ते बघून ठेवावं. डिसेंबर २०१७मध्ये मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या आगीत १४ माणसं गेली. तेव्हापासून मला बांबू आणि कापडाचं छत दिसलं की आधी जिना शोधावासा वाटतो, मेन्यू नंतर.

काही जण म्हणतील, एवढी हौस आहे तर सोमेश्वरला जा, पांडवलेणी चढा, फुकट बघा. जाते की. पण गुडघे दुखणाऱ्या नणंदेला लेण्याच्या पायऱ्या चढवू? लिफ्टने वर जाऊन, खुर्चीत बसून, हातात ग्लास घेऊन आपलंच गाव बघावंसं वाटणं ही काही चैनीची परमावधी नाही. त्यासाठी माणसं पैसे द्यायला तयार आहेत. हॉटेलवाल्यांनी ती हिरवी भिंत काढावी, एसीची युनिटं पूर्वेला न्यावीत, चार टेबलं पश्चिमेच्या कठड्याला लावावीत, आणि हिवाळ्यात मागेल त्याला शाल द्यावी. कुंभमेळा तोंडावर आहे, बाहेरून माणसं येणार आहेत. त्यातली सगळीच काही फक्त रामकुंडावर थांबणार नाहीत.

दरम्यान आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी मी गच्चीच्या किल्लीचा विषय लेखी दिलाय. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात गच्ची उघडी असावी, खुर्च्या ज्याच्या त्याने आणाव्यात, वर दारू नाही. सेक्रेटरींनी तो 'आयत्या वेळचे विषय' मध्ये टाकलाय, पार्किंगच्या नंतर. पार्किंगचा विषय गेली काही वर्षं संपलेला नाही, पण यंदा आम्ही सात बायका पहिल्या रांगेत बसणार आहोत.