पाठ लागली की संपलं

दिवाळीच्या सुट्टीत भाचा येतो तेव्हा फराळाचे डबे उघडायच्या आधी तो आमच्या टीव्हीच्या मागे शिरतो. व्हिडिओ गेमच्या तारा खोचून बाहेर येतो, माझ्या हातात रिमोट देतो (रिमोट म्हटलं की चिडतो, 'कंट्रोलर म्हण मामा!') आणि पुढचे चार दिवस माझं जे होतं ते पोलिसांत तक्रार देण्याजोगं असतं. गेल्या तीन दिवाळ्यांत मी लोखंडी खुर्चीनं, शिडीनं आणि टेबलानं मार खाल्ला आहे. बायको आतून विचारते, "जिंकलात का?" विचारण्यात कुतूहल अजिबात नसतं.

खेळ डब्ल्यूडब्ल्यूईच्या, म्हणजे टीव्हीवरच्या त्या अमेरिकन तमाशाच्या कुस्तीचा. आम्ही लहानपणी हे सगळे लोक पत्त्यांवर पाहिलेले. छाती, दंड, उंची, वजन यांचे आकडे ओरडायचे आणि समोरच्याचं पान खेचायचं. त्या काळी पैलवान खिशात मावत. आता ते टीव्हीत मावत नाहीत. अंगावरचा घाम चमकतो, गोंदण दंडासोबत ताणलं जातं. हे मानलंच पाहिजे, दिसण्यात नवे खेळ फार पुढे गेलेत. अंडरटेकर नावाचा पैलवान पडद्यामागून निघून रिंगपर्यंत पोचेस्तोवर माझा एक चहा होतो. बटण दाबून हे पुढे ढकलता येतं, पण भाचा ढकलत नाही. ढकलणं त्याला देवळात चप्पल घालून जाण्यासारखं वाटतं.

या खेळांत स्वतःचा पैलवानही घडवता येतो. भाच्यानं मला घडवलं. पोट वाढवायची पट्टी त्यानं उजव्या टोकाला नेली, केस कमी करायची डाव्या. ताकद, वेग, दम यांना शंभरपैकी मार्क द्यायचे असतात, ते त्यानं माझ्या दहावीच्या गणिताएवढे दिले. साम्य मात्र असं साधलं की बायको पदराला हात पुसत बाहेर येऊन बघून गेली.

माझा खरा छळ म्हणजे डाव परतवणं. समोरच्यानं हात घातला की पडद्यावर बटणाची खूण चमकते. ती दिसली, कळली, अंगठ्याला निरोप गेला, अंगठा निघाला, तोवर मी डोक्यावर आपटलेला असतो. भाच्याला खूण लागत नाही. त्याला म्हणे 'कळतं'.

दिसण्यावर सगळा जीव लावला की काय होतं, त्याचा नमुना याच मालिकेतला 'टूके ट्वेंटी' हा भाग. हा ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. जवळजवळ वीस वर्षं ही मालिका घडवणारी युक्स ही जपानी कंपनी बाजूला झाली होती आणि सगळा भार व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स या दुसऱ्या कंपनीवर आला होता. खेळात पैलवानांचे केस वितळायचे, हातपाय भलत्या दिशेला वळायचे, कुणी उभ्या उभ्या जमिनीत रुतायचा. कळस झाला १ जानेवारी २०२० ला. नवं वर्ष उजाडलं आणि खेळ सुरूच होईना! घड्याळ मागच्या वर्षात नेलं की मुकाट चालायचा. दुरुस्ती लगेच आली, पण मुहूर्त बघून चालणारा खेळ म्हणून माझ्या मनात त्याला कायमची जागा आहे. पुढच्या वर्षीचा भाग त्यांनी काढलाच नाही.

तर या दिवाळीला, लागोपाठ नवव्या पराभवानंतर, मी ते वाक्य बोललो जे चाळिशीनंतर कुणी बोलू नये. "आमच्या वेळचा खेळ असा नव्हता."

"मग लाव ना," भाचा म्हणाला.

माळ्यावरून पिंप काढलं, पिंपामागून गणपतीची मखर काढली, मखरीमागे प्लेस्टेशन टू, माझा जुना गेमचा डबा. पिवळी, लाल, पांढरी अशा तीन शेंड्यांची तार मिळाली, पण ती खोचायला नव्या टीव्हीला भोकच नाही. बाजारात जाऊन जुनी तार नव्या टीव्हीला जोडणारा मधला डबा आणला. मेमरी कार्ड आठ एमबीचं. भाचा म्हणाला, "आठ जीबी?" मी गप्प राहिलो. डिस्क आत गेली, कर्रकर्र करत फिरली, आणि अखेर आला २००३ सालचा 'स्मॅकडाउन! हिअर कम्स द पेन'.

या खेळाबद्दल माझं मत तटस्थ नाही. हॉस्टेलात असताना त्यानं माझं एक सेमिस्टर खाल्लेलं आहे. पकड घालायचे चार प्रकार, ताकदीची, चपळाईची, जखडायची आणि ज्याची त्याची खास. त्या वेळी ही श्रीमंती होती. परतवायला दोन वेगळी बटणं, एक ठोशासाठी, एक पकडीसाठी. त्यामुळे समोरचा काय करणार हे आधी ओळखावं लागे. आणि सगळ्यात बहार म्हणजे कोपऱ्यातलं माणसाचं चित्र. डोकं, धड, हात, पाय. जिथे मार बसेल तो भाग पिवळा, मग केशरी, मग लाल. पाय लाल झाला की गडी लंगडतो. माझी स्वतःची कंबर तीन वर्षं केशरी आहे, त्यामुळे हे चित्र मला आता जास्तच पटतं.

खोट सांगायची तर भाच्यानं ती दोन मिनिटांत काढली. "मामा, कुणी बोलत का नाही?"

खरंच. आधीच्या भागांत समालोचन होतं, तीच तीच वाक्यं उगाळणारं. या भागात ते काढूनच टाकलेलं. माणसं मुकाट एकमेकांना आपटतात, मागे गिटार वाजते. विशीत हे कधी जाणवलं नव्हतं, कारण हॉस्टेलात बोलायला दहाजण मागे बसलेले असत.

तेव्हा आमचे आबा बोलले.

आबा झोपाळ्यावर होते. तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत माती अंगाला लावलेली, खासबागेच्या मैदानात एकदा लढलेले. त्या कुस्तीचा निकाल घरात अजून विचारायची सोय नाही. ते चष्मा पुसून पुढे सरकले. मी ब्रॉक लेस्नर घेतला होता, भाच्यानं कर्ट अँगल. "हा अँगल आबा, ऑलिम्पिकचं सोनं आहे त्याच्याकडे. १९९६, अटलांटा. खरोखरचं."

"खरं पदक?" आबांनी मांडी बदलली. आमच्या घरात खाशाबा जाधवांचं कांस्य म्हणजे घरचंच. "मग त्येच्यासंगट हे काय खुर्च्या घिऊन खेळतोय?"

कुस्ती लागली. भाच्यानं पहिल्याच मिनिटाला मला उलटं आपटलं.

"लागली पाठ!" आबा ओरडले. "चितपट! उठा."

"आबा, अजून तीन मोजायचेत."

"मोजायचं कशाला? पाठ लागली न्हवं? मग उठतोय कशाला त्यो?"

मी समजावलं. पंच झोपतो, हात आपटून तीन मोजतो, मधे उठता येतं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लाच दिल्याची कबुली देत होतो. पण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नाही, आणि खेळ तर मुका. मग त्यांनी मैदानावरच्या निवेदकासारखा सूर धरला. "हां, खडाखडी चाललीया... पट काढला... पोरानं पट काढला बगा!" भाचा मांडीवर हलगी वाजवायला लागला. खेळाची सगळ्यात मोठी उणीव बावीस वर्षांनी भरून निघाली, ती माझ्या घरात आणि माझ्याविरुद्ध.

मी चार वेळा पडलो, चार वेळा बटणं बडवून उठलो. आबा प्रत्येक वेळी "कुस्ती निकाली!" जाहीर करायचे. शेवटी माझ्या अंगठ्याला जुनं काहीतरी आठवलं. लेस्नरनं अँगलला खांद्यावर आडवा उचलला.

"कलाजंग!" आबा झोपाळ्यावरून उठलेच. "आरं, ह्यो आपला कलाजंग हाय!"

त्या डावाचं नाव तिकडे एफ-फाइव्ह. खांद्यावर घेईपर्यंत दोन्ही एकच. पुढे लेस्नर माणसाला गरगर फिरवून टाकतो, तेवढं आबांना नापसंत. अँगल पडला. पंच झोपला. एक, दोन, तीन! नऊ पराभव आणि एक विजय. मी कंट्रोलर ठेवला आणि शड्डू ठोकला, तो मांडीला जरा जोरातच लागला.

आबांनी बंडीच्या खिशातून पन्नासची नोट काढली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि भाच्याच्या हातात दिली. "इनाम."

"आबा, जिंकलो मी!"

"तुझी पाठ मघाशीच लागल्या. पयल्या मिन्टाला. त्येच्या म्होरं जे झालं ती कुस्ती न्हवं."

भाचा त्यांच्या पाया पडला आणि नोट घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानाकडे पळाला. टीव्हीवर माझा लेस्नर हात उंचावून मिरवत होता.

आतून आवाज आला, "जिंकलात का?"

"नाही," मी म्हणालो.